ब्रीदरला बूच मारणाऱ्या बूचसम्राटास खुले पत्र

सन्माननीय बूचसम्राट यांसी,



बारामती-इंदापूरच्या मातीनं महाराष्ट्राला साखरसम्राट दिले, शिक्षणसम्राट दिले, कुणी म्हणेल टँकरसम्राटही दिले. बूचसम्राट तेवढे राहिले होते. ती उणीव आपण एका दुपारी, बाभळीची एक खुंटी आणि एम-सीलची अर्धी पुडी एवढ्या सामग्रीवर भरून काढलीत. बारामतीच्या भिगवण चौकात आपला फ्लेक्स अजून लागलेला नाही, हा आम्हा तालुकावासीयांचा कृतघ्नपणा समजावा.

आपलं नाव इथं घालत नाही. आपण पावती देत नसल्यानं पुरावा नाही, हे एक कारण. दुसरं असं की नाव गाळलं तर लासुर्ण्यापासून बावड्यापर्यंत तीन-चार मिस्त्र्यांना हे पत्र आपल्यालाच उद्देशून आहे असं वाटेल, आणि त्यांचं काही चुकत असेल असं मला वाटत नाही.

ज्या इंजिनावर आपली कृपा झाली ते आमच्या आबांचं. लिस्टर पद्धतीचं, राजकोटात ओतलेलं, एका सिलिंडरचं, सहा हॉर्सपॉवर, मिनिटाला ६५० फेरे. मूळ इंजिन इंग्लंडातल्या डर्स्ली गावच्या लिस्टर कंपनीनं १९२९ साली काढलं. तिकडं ते बनवणं १९८७ मध्ये थांबलं. राजकोटकरांनी मात्र ओतकाम चालूच ठेवलं. नीरा डाव्या कालव्याला १८८५ साली पाणी आलं, पण ते ज्यांच्या बांधापर्यंत आलं नाही त्यांच्या नशिबी विहीर होती. विहिरीवर आधी मोट आणि मोटेनंतर इंजिन. कुणाकडं पुण्याचं किर्लोस्कर, कुणाकडं चिंचवडचं रस्टन, कुणाकडं सातारारोडचं कूपर. (हा कूपर कारखाना पुढं वालचंद समूहात गेला, म्हणजे आपल्या इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरचा सोयराच झाला.) इंजिनं ऐकून कुणाचं पाणी चालू आहे ते घरबसल्या कळायचं. आजही थ्री फेज वीज कधी दिवसा येते, कधी रात्री, कधी रुसते. म्हणून आबांनी मोटर बसवली तरी इंजिन शेडमधून हलवलं नाही. खंडेनवमीला त्याला झेंडूचा हार असतो. मोटरला नसतो.

आपल्याला बोलावलं ते क्षुल्लक कामाला. चाकाच्या बाजूनं तेलाचे थेंब पडत होते. आबांनी खाली डबा ठेवला होता आणि तो भरायला महिना लागायचा. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, जुनं इंजिन आहे, चालायचंच. पण आपण हाडाचे कारागीर. आपण तेल गळतंय त्या जागेकडं बघितलंच नाही. आपण शेजारचं बघितलं. चेंबरच्या बाजूच्या झाकणावर छोटी डबी, तिला भोक, आणि त्यातून पुक्‌पुक्‌ करत निळसर धूर. आपण उद्‌गारलात, “आबा, ह्ये भोक बघितलं का? सगळी घाण हितनंच बाहेर पडतीय.” आबांनी शंका काढली की ते कंपनीनंच ठेवलं असेल. आपलं उत्तर आमच्या घरात आता म्हणीसारखं वापरतात: “कंपनी ऱ्हायली इंग्लंडात, इंजिन हाय हितं.”

मग आपण डबी उघडलीत, आतली पोलादी पत्ती काढलीत, “ही उगंच खडखड करती” असं म्हणून खिशात टाकलीत, आणि भोकात खुंटी ठोकून वर एम-सील थापलंत. आखाड्यात घाम गाळणाऱ्या पैलवानाचा घाम थांबवायला त्याच्या दोन्ही नाकपुड्यांत बोळे कोंबावेत, असा हा उपचार. रुग्ण उठून बसला नाही याचं आपल्याला आश्चर्य वाटलं, आम्हाला तो जगला याचं वाटलं.

त्या भोकाला ब्रीदर म्हणतात. ते कशासाठी असतं ते आता लिहितो. आपण शिकावं असा माझा भाबडा हेतू नाही. पुढच्या गिऱ्हाइकानं खुंटी ठोकण्याआधी आपला हात धरावा, एवढाच आहे.

पिस्टन वर जाऊन हवा दाबतो, डिझेल पेटतं, आणि त्या दाबातला थोडा वायू रिंगांच्या कडेनं निसटून खाली चेंबरात उतरतो. कोऱ्या इंजिनातही उतरतो. रिंगा चिकटल्या असतील, लायनर झिजला असेल तर जास्त उतरतो. त्यालाच आपण लोक ‘बॅक कॉम्प्रेशन मारतंय’ म्हणतो. या वायूबरोबर काजळी येते, डिझेलातल्या गंधकापासून होणारं आम्ल येतं, आणि ज्याच्याकडं कुणाचंच लक्ष नसतं ते पाणी येतं. डिझेल जळलं की पाण्याची वाफ होते, आणि ती थोडीथोडकी नव्हे: लिटरभर डिझेलमागं जवळजवळ लिटरभर पाणी. बहुतेक धुराड्यातून निघून जातं. जे खाली उतरतं त्याला बाहेर जायला एकच दार असतं. तेच आपण बंद केलंत.

आता पिस्टनच्या खालची गोष्ट, म्हणजे आपण खिशात घातलेल्या पत्तीचं काम. या इंजिनाचा बोअर साडेचार इंच आणि स्ट्रोक साडेपाच इंच. पिस्टन एकदा खाली आला की चेंबरातली सुमारे १.४ लिटर जागा घेतो, वर गेला की परत देतो. मिनिटाला ६५० वेळा. म्हणजे मिनिटाला नऊशे लिटरहून जास्त हवेला धक्का बसतो. (किर्लोस्करचं एव्ही-वन पाच हॉर्सपॉवरचं, ५५३ सीसीचं, पण त्याचे फेरे १५००, हिशेब केला तर आकडा आठशेच्या पुढंच जातो. लहान पिस्टन म्हणून कुणी निश्चिंत राहू नये.) ब्रीदरमधली ती पातळ पत्ती एकाच दिशेनं उघडते. पिस्टन खाली आला की ती उचलली जाते आणि जादा वायू बाहेर जातो. पिस्टन वर निघाला की ती बसते आणि बाहेरची हवा आत येऊ देत नाही. दोन-चार फेऱ्यांतच चेंबरातला दाब बाहेरच्यापेक्षा जरा कमी होतो आणि इंजिन चालू आहे तोवर सरासरी तसाच राहतो. त्यानंतर पत्तीतून बाहेर पडतो तो फक्त रिंगांवरून निसटलेला वायू.

आणि या जराशा पोकळीवरच तर सगळा संसार आहे! जुन्या इंजिनात क्रँकच्या टोकाला तेल अडतं ते सीलच्या कर्तबगारीनं कमी आणि या पोकळीमुळं जास्त. फट असली तरी तिच्यातून बाहेरची हवा आत यायला बघते. तेलाला बाहेर ढकलणारं आत काहीच नसतं. थोडक्यात, आबांच्या इंजिनातून तेल गळत होतं ते ती पत्ती काजळीनं चिकटून अर्धवट बसत होती म्हणून. एक कपभर रॉकेल आणि जुना टूथब्रश यांचं काम होतं. आपण तेल अडवणारी पत्ती काढलीत आणि दाब सोडणारं भोक बुजवलंत. एकाच बैठकीत दोन्ही. एवढी अचूक चूक करायला अनुभव लागतो.

पहिले काही दिवस खरंच थेंब पडला नाही. आबांनी आपलं गावभर कौतुक केलं. मग एका सकाळी तेल बघायची पट्टी आपोआप वर उडाली. आबांनी ती दाबून बसवली आणि वर वीट ठेवली. (आपल्या सहवासाचा परिणाम.) मग झाकणाच्या पॅकिंगमधून तेल पाझरायला लागलं, क्रँकच्या दोन्ही टोकांनी उडायला लागलं, पट्ट्यावर गेलं, पट्टा पुलीवरून घसरायला लागला आणि विहिरीचं पाणी पाटापर्यंत पोचेना. आत राहिलेली वाफ थंड होऊन तेलात मिसळली आणि तेल पांढरट, फेसाळ झालं. आधी एका जागी गळायचं ते आता पाच जागी.

आपण परत आलात. नवं सील घातलंत, पैसे घेतलेत. पुन्हा आलात, आणि आता तेलच पातळ आहे असं निदान करून चेंबरात १४० नंबरचं गिअर ऑइल ओतलंत. या इंजिनाला तेलाचा पंप नाही हो. बिगएंडला खाली एक पळी असते, ती दर फेऱ्याला तेलात बुडते आणि तेल वर उडवते. त्यावर सगळं वंगण चालतं. ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सचं ते जाड तेल पळीनं किती उडणार? शेवटच्या फेरीत आपण हात झटकून सांगितलंत की इंजिनाचं आयुष्य संपलं, भंगारात द्या, आपला एक ओळखीचा आहे, तो किलोवर घेतो. इंजिनाचं वजन आपण नुसत्या नजरेनं काढलंत. आपल्या संपूर्ण कामगिरीत तेवढा अंदाज बरोबर होता.

आपल्या कार्याला जगाच्या इतिहासातही जागा आहे, पण जरा खालची. ११ सप्टेंबर १९४७ रोजी उत्तर आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ ‘रेइना देल पॅसिफिको’ या जहाजाची चाचणी फेरी चालू असताना क्रँककेसमध्ये, म्हणजे आपल्या भाषेत चेंबरात, कोंडलेल्या तेलाच्या वाफेनं पेट घेतला. तापलेल्या पिस्टननं ठिणगीचं काम केलं. २८ माणसं गेली. त्यानंतर जहाजांच्या मोठ्या इंजिनांना आतला दाब सुटण्यासाठी झडपेची दारं बसवण्यावर भर आला. सहा हॉर्सपॉवरच्या इंजिनात असा स्फोट होईल असं म्हणून मी आपलं महत्त्व वाढवणार नाही. पण तिकडं माणसं मेल्यावर दारं वाढवली, आणि इकडं असलेलं एकुलतं दार आपण चहा पिता पिता बुजवलंत, ही नोंद असू द्या.

आपलं दुसरं संशोधन आमच्या बांधाला बांध असलेल्या शेजाऱ्यांच्या इंजिनावर झालं. तिथं आपण खुंटी मारली नाहीत. ब्रीदरला रबरी नळी जोडून ती थेट एअर फिल्टरमध्ये घुसवलीत आणि सांगितलंत, “ही अमेरिकन पद्धत हाय. धूर परत जळतो, डिझेल वाचतं.” अर्धं खरं बोलणाऱ्याशी भांडणं अवघड जातं. पूर्वी मोटारींच्या क्रँककेसची वाफ खाली लोंबणाऱ्या नळीतून सरळ रस्त्यावर सोडत. महायुद्धातल्या विलीज जीपना पाण्यातून जायचं असे, म्हणून त्यांना ती वाफ परत इंजिनात ओढणारी बंद व्यवस्था दिली. याच विलीजची जुळणी नंतर मुंबईत महिंद्रांनी सुरू केली, आणि तिच्या वारसदारांनी आपल्याकडं किती निवडणुका लढवल्या ते वेगळं सांगायला नको. पुढं हवेतल्या धुरक्यात या वाफेचाही वाटा आहे हे लक्षात आल्यावर कॅलिफोर्नियात १९६१ च्या मॉडेलांपासून मोटारींना अशी झडप लागू लागली. पण ही सगळी पेट्रोल इंजिनं, आणि मधे मोजूनमापून वायू सोडणारी झडप. आपण झिजलेल्या रिंगांच्या डिझेल इंजिनाला उघडी नळी जोडलीत. डिझेल इंजिनाला हवेबरोबर तेलाचा फवारा मिळाला की ते तेलच जाळून चालू लागतं. मग वेग सांभाळणाऱ्या गव्हर्नरनं डिझेल कमी केलं काय आणि बंद केलं काय, त्याला पर्वा नसते. शेजाऱ्यांचं इंजिन एका संध्याकाळी असंच पळालं. डिझेलचा कॉक बंद केला तरी आवाज चढतच गेला. त्यांच्या मुलानं प्रसंगावधान राखून एअर फिल्टरच्या तोंडावर लाकडी फळी दाबून धरली आणि हवा तोडली, म्हणून थांबलं. (हात लावायचा नसतो, कापडही आत ओढलं जातं, फळीच बरी.) त्या वेळी आपण तिसऱ्या गावात संशोधनात मग्न होता.

आबांचं इंजिन वाचवलं ते वालचंदनगरच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका फिटरकाकांनी. त्यांनी आधी खुंटी काढली. आतून निघालेला सुस्कारा शेडमध्ये सगळ्यांनी ऐकला. गिअर ऑइल काढून चेंबर रॉकेलनं धुतला, तळातला काळा गाळ हातानं उपसला, बेताच्या जाडीचं साधं इंजिन ऑइल भरलं. फीलर गेजच्या जुन्या संचातली एक पातळ पात कापून नवी पत्ती केली. ती बसवण्याआधी काचेवर ठेवून सपाट आहे का बघितलं, कारण कडेला जरा जरी वाकली तरी ती बसत नाही आणि मग असून नसल्यासारखी. कुठल्या बाजूनं उघडते तेही त्यांनी फुंकून पाहिलं. उलटी बसली तर ती हवा आत घेते आणि बाहेर सोडत नाही. म्हणजे आपल्या खुंटीपेक्षाही वरचढ.

नंतरची परीक्षा बघण्यासारखी होती. गवंडी लेव्हलला वापरतात ती पारदर्शक नळी घेतली, तिचा वाकवून यू केला, त्यात पाणी भरलं, एक टोक तेलपट्टीच्या भोकात घट्ट बसवलं आणि नळी चिमटीत जरा दाबून धरली, म्हणजे पाणी नाचू नये. इंजिन सुरू झाल्यावर पाणी इंजिनाकडच्या बाजूला इंचभर चढलं. चेंबरात पोकळी आहे, पत्ती काम करतेय. पाणी उलट बाजूला ढकललं गेलं असतं तर दाब साठतोय असं समजायचं: पत्ती चिकटलेली, नळी तुंबलेली, नाही तर रिंगा गेलेल्या. या तपासणीला गवंड्याकडून उसनी आणलेली नळी पुरते. आपण घेतलेल्या पैशांत तसल्या नळीचं अख्खं भेंडोळं आलं असतं.

फिटरकाकांनी एक गोष्ट आबांना रागावून सांगितली, आणि ती आपल्या भागातल्या बहुतेकांना लागू आहे. आपण पंपाच्या पाण्यातूनच एक फाटा काढून इंजिन थंड करतो. विहिरीचं गार पाणी जोरात फिरतं आणि इंजिन कधी नीट तापतच नाही. गार लायनरवर वाफेचं पाणी होतं, ते आम्लासकट तेलात उतरतं, आणि ब्रीदर कितीही चांगला असला तरी गार इंजिनातलं पाणी वाफ होऊन बाहेर पडत नाही. म्हणून फाट्याचा कॉक बारीक करायचा. बाहेर पडणारं पाणी हाताला चांगलं कडत लागलं पाहिजे. थंडीत इंजिनाच्या पाण्याखाली आंघोळी केलेल्या पिढीला हे तापमान सांगावं लागू नये. आणि नुसतं पाच मिनिटं फुकफुक करून बंद करायचं नाही. चालू केलं की भार देऊन पुरतं तापेपर्यंत चालवायचं.

ब्रीदरची नळी बाहेर काढलेली असेल तर तिला उतार हवा, तोंड जमिनीकडं हवं, आणि तोंडाला बारीक तारेची जाळी हवी. ही जाळी कुंभारीण माशीसाठी. बंद इंजिनाच्या नळीत ती मातीचं घर बांधते आणि भोक अगदी आपल्याइतकंच घट्ट बुजवते. तिला मी दोष देत नाही. तिला आत अंडी घालायची असतात, आणि ती पैसे मागत नाही. जाळीवर मेणचट काजळी साठते, म्हणून तेल बदलताना दर वेळी डबी उघडून पत्ती आणि जाळी रॉकेलनं धुवायची, पूर्ण वाळवायची, मगच बसवायची. बस्स. याहून मोठं शास्त्र त्यात नाही, आणि त्याला आपली गरज नाही.

राहता राहिले ते चार थेंब. ते आता पडत नाहीत म्हटलं तर खोटं होईल. अधूनमधून एखादा पडतो. ब्रीदरमधून धूरही थोडा येतो, कारण रिंगा जुन्या आहेत आणि त्या या उन्हाळ्यात बदलायच्या आहेत. पण पट्टा कोरडा आहे, तेल काळं असलं तरी पांढरं नाही, पट्टीवरची वीट काढून टाकली आहे आणि पाणी पाटाला पोचतंय. भंगारवाल्या मित्रांना तसा निरोप द्यावा.

आपल्याकडं दोन मागण्या आहेत. सील, गिअर ऑइल आणि खुंटीचे पैसे परत करा. हिशेब आबांनी कॅलेंडरवर लिहून ठेवला आहे. ते जमणार नसेल तर निदान ज्यांच्या-ज्यांच्या शेडमध्ये आपण ही कला दाखवली त्यांची यादी द्या.

ती यादी आपण देणार नाही, हे माहीत असल्यामुळं पुढचं वाचकांसाठी. भीमेकाठी असा, नीरेकाठी असा, सुप्याच्या जिरायती पट्ट्यात असा. शेडमध्ये जुनं इंजिन असेल तर ते बंद आणि गार असताना चेंबरच्या झाकणावरची डबी बघा. तिच्यात लाकूड, चिंधी, एम-सील किंवा बोल्ट दिसला तर काढा. आत पत्ती नसेल तर ती बसवल्याशिवाय हँडल मारू नका. ब्रीदरची नळी एअर फिल्टरला जोडलेली दिसली तर आजच सोडवा. आणि जोडणारा माणूस परत आला, तर त्याला चहा द्या, पाना देऊ नका.

कळावे,
आबांचा पुतण्या